पाच शतांश सेकंद आणि चौदा महिने



६ ऑगस्ट २०२२ ही तारीख आपल्या बीड जिल्ह्यातील खेळावर प्रेम करणारा माणूस सहसा विसरणार नाही. त्या दिवशी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत झाली. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरा आला. पहिल्या आलेल्या केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ होती ८ मिनिटे ११.१५ सेकंद. फरक किती? एका सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले पाच! मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि त्यातून कारकून. आकडा दिसला की हात आपोआप हिशेबाला लागतो. त्या शर्यतीतला अविनाशचा सरासरी वेग सेकंदाला सहा मीटरच्या थोडा वर. म्हणजे पाच शतांश सेकंदात अंतर पडते जेमतेम एक फूट. तीन किलोमीटर धावून आपला माणूस एका फुटाने हरला.

ही शर्यत साधी नव्हे. साडेसात फेऱ्यांच्या या शर्यतीत अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळा ओलांडावा लागतो आणि सात वेळा पाण्यावरून उडी मारावी लागते. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची सुमारे तीन फूट. हा अडथळा पाय लागला तर पडत नाही, पडतो तो धावणारा. आणि या शर्यतीवर केनियाची मालकी अशी की, १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहाही राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्ण, रौप्य, कांस्य ही तिन्ही पदके त्याच एका देशाने नेली होती. त्या मालकीला पहिली चीर पाडली ती वीटभट्टीवर राबलेल्या आई-बापाच्या पोराने. तेव्हा रौप्यपदकाचा आनंद झालाच. परंतु त्या आनंदात एक सल राहून गेला. चहाच्या हॉटेलात, कचेरीत, विहाराच्या ओट्यावर जो तो हेच बोलत होता, "अजून दहा मीटर शर्यत असती तर!"

हरल्यानंतरचे दिवस खेळाडूला जड जातात हे सर्वांना ठाऊक आहे. चाहत्याचे काय होते, याचा विचार मात्र कोणी करत नाही. शर्यती संपतात, दूरदर्शनचा पडदा दुसऱ्या बातम्यांकडे वळतो आणि चाहत्याच्या हाती उरते ती फक्त आशा. पुढच्या वर्षी होईल, पुढच्या खेपेला नक्की होईल. आपल्या जिल्ह्याला हंगाम आणि बिगरहंगाम ही गोष्ट शिकवावी लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की कोयत्यांच्या टोळ्या निघतात, कारखाने बंद झाले की माणसे परत येतात. मग घरी बसून पुढच्या हंगामाचा विचार. उचल किती मिळेल, पोराची शाळा कशी टिकेल, छपरावरचे पत्रे कधी बदलता येतील. हंगाम संपल्यावरच्या या दिवसांत पुढचे वर्ष ठरते, हे ऊसतोड कामगाराइतके कोणाला कळणार?

प्रश्न असा आहे की, या दिवसांत माणूस आशा कशी धरतो? आपण नवस-सायास सोडलेले लोक. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा देऊन आपल्याला त्यातून बाहेर काढले. तरीही "या वेळी नशीब साथ देऊ दे" हे शब्द आपल्याही तोंडून सहज निघतात. नशिबावर टाकलेली आशा ही नवसाचीच धाकटी बहीण आहे. तिला कष्ट पडत नाहीत. ती नुसती वाट पाहते आणि मनासारखे झाले नाही की शिव्या देते.

आता बर्मिंगहॅमनंतरचे चौदा महिने पाहा. अविनाश अमेरिकेत सराव करीत होता. मे २०२३ मध्ये तिथे तो पाच हजार मीटर १३ मिनिटे १९.३० सेकंदांत धावला आणि त्याने स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. आम्ही चाहते खूश. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टला जागतिक स्पर्धा आली. प्राथमिक फेरीतून पहिले पाच पुढे जाणार होते. अविनाश सातवा आला आणि अंतिम फेरीत पोहोचलाच नाही. लगेच बोलणारे बोलू लागले, "संपला. पदक मिळाले की माणूस ढिला पडतो." बर्मिंगहॅमच्या वेळी जे फटाके वाजवत होते, त्यातलेच काही जण हे म्हणत होते. चाहत्याची परीक्षा इथे होते. आपला माणूस जिंकतो तेव्हा सगळेच त्याचे असतात.

त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता. १ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेत अविनाशने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. स्पर्धेचा विक्रम झाला आणि या शर्यतीत आशियाई सुवर्ण जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. लगेच पुढच्या काही दिवसांत पाच हजार मीटरमध्ये रौप्यही घेतले.

हे नशिबाने झाले काय? त्याची खातेवही तपासू. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, तेव्हा वेळ होती ८ मिनिटे २९.८० सेकंद. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला ८ मिनिटे १८.१२ सेकंद; हा राष्ट्रीय विक्रम होता, तरीही तो आपल्या गटात सातवा आला आणि बाहेर पडला. बर्मिंगहॅमला ८ मिनिटे ११.२०. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१. म्हणजे पहिल्या चार वर्षांत साडेअठरा सेकंद कमी झाले आणि पुढच्या दोन वर्षांत फक्त सव्वा सेकंद. वर जावे तसा प्रत्येक सेकंद महाग होत जातो. विक्रम करूनही हरण्याची पाळी या माणसावर आली, पण जमेची बाजू त्याने कधी थांबू दिली नाही. बौद्ध धम्मात पारमिता सांगितल्या आहेत, त्यांतली एक वीर्य, म्हणजे थकवा न मानता केलेला उद्योग. आणि दुसरी अधिष्ठान, म्हणजे ध्येय गाठण्याचा दृढ निश्चय. आशेला या दोहोंची जोड मिळाली नाही तर ती तृष्णाच राहते.

एका गोष्टीकडे आपल्या समाजाचे लक्ष गेलेच पाहिजे. बारावीनंतर अविनाश सैन्यात गेला तो महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. सियाचीनची थंडी, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम हे त्याने जवान म्हणून पाहिले आणि सैन्यातच तो धावपटू झाला. आणि हांगझोऊच्या सुवर्णाची तारीख होती १ ऑक्टोबर. १९४१ साली याच तारखेला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली! हा निव्वळ योगायोग आहे, त्यात चमत्कार शोधू नये. परंतु त्या रेजिमेंटच्या मागे जी वाट पाहणी आहे, ती आपल्या मुलांना माहीत असावी. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी तलवार-बंदूक धरली, त्यांच्या तोंडावर दार लागले. तेव्हा आपल्या पूर्वजांनी नुसती आशा धरली काय? गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांमागून अर्ज केले, सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. पहिल्या महायुद्धात १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. पुन्हा हार! पुढे १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, तिथे त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि रेजिमेंट उभी राहिली. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली. आज त्या रेजिमेंटमध्ये देशाच्या सर्व भागांतले, सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. आपल्या पूर्वजांच्या अर्जांनी उघडलेल्या दारातून मांडव्याचा एक मुलगा आत गेला आणि आशियाचा विजेता होऊन बाहेर आला. याहून मोठा आनंद तो कोणता?

आता घरातल्या गोष्टीकडे येतो, कारण हा मजकूर आपल्या माता-भगिनींसाठीही आहे. आमच्या वस्तीतला एक मुलगा पोलीस भरतीत एका गुणाने राहिला. सोळाशे मीटर धावण्यात दोन-तीन सेकंद कमी लागले असते तर आज अंगावर वर्दी असती. त्याची आई शेतमजुरी करते. निकालाच्या दिवशी ती मला म्हणाली, "भाऊ, एक मार्क म्हणजे किती हो असतो?" मी तिला पाच शतांश सेकंदांची गोष्ट सांगितली. ती गप्प बसून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मग त्या पोरानं पुढं काय केलं?" मला वाटते, खरा चाहता हाच प्रश्न विचारतो. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे पोराच्या आधी उठू लागली. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गुळाचा खडा आणि जमेल तेव्हा एक अंडे. त्या घरातला बिगरहंगाम असा चालला आहे. पुढच्या भरतीत काय होईल ते होईल.

आपल्या तालुक्यांच्या रस्त्यांवर पहाटे अशी कितीतरी मुले-मुली धावताना दिसतात. डांबरी रस्ता, अंधार, समोरून येणारे ट्रक, पायांत झिजलेले बूट. मुलींना तर त्याहून जास्त. लोक काय म्हणतील ही भीती आणि सोबत कोण येणार हा प्रश्न. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या याच स्टीपलचेस शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. माण तालुकाही आपल्यासारखाच दुष्काळी. तेव्हा आपल्या मुलींना हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये.

म्हणून माझी समाजबांधवांना सूचना आहे. वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. भिक्खूंनी पावसाळ्यात भटकंती थांबवून एका जागी अभ्यास करावा, हीच त्या प्रथेमागची दृष्टी. या तीन महिन्यांत प्रत्येक विहाराने आणखी एक काम करावे. गावाजवळ जी मोकळी जागा असेल तिथे दगड-काटे वेचून, फितीने मोजून चारशे मीटरची फेरी आखावी. एक वही घालावी. दर रविवारी धावणाऱ्या मुला-मुलींची वेळ मोबाईलच्या घड्याळावर मोजून तारखेसह त्या वहीत लिहावी. मुलींच्या सोबतीला दोन महिला उपासिकांनी मैदानावर बसावे. ज्याची ऐपत आहे त्याने वर्षाकाठी एक बुटांचा जोड द्यावा. यात सरकारी मंजुरी लागत नाही, निविदा निघत नाही, पुढाऱ्याची पायरी चढावी लागत नाही. मिरवणुकीच्या वर्गणीतला थोडासा भाग इकडे वळवला तरी पुरे. वहीतला आकडा दर महिन्याला खाली येताना दिसला की मुलाला स्वतःचा भरवसा वाटू लागतो, आणि एका गुणाची हार त्याला आयुष्याची हार वाटत नाही.

अविनाशचीच पुढची हकिगत सांगून थांबतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत तो अकरावा आला. स्टीपलचेसच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे त्याने आशियाई अजिंक्यपद मिळवले. या शर्यतीत भारताला १९८९ नंतर प्रथमच हे सुवर्ण मिळाले. आणि लगेच जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पाण्याच्या अडथळ्याजवळ पडला. गुडघ्याचा स्नायुबंध फाटला, शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. तेव्हापासून आम्हा चाहत्यांच्या बोलण्यात दोन गावे येऊ लागली. २०२६ च्या आशियाई स्पर्धेचे जपानमधील नागोया आणि २०२८ च्या ऑलिम्पिकचे लॉस एंजेलिस.

गुडघा बरा करणे हे डॉक्टरांचे आणि त्याचे काम आहे. त्यात आपला हात लागणार नाही. त्याला पुन्हा पदक मिळावे अशी आशा जरूर धरावी, पण ते मिळालेच पाहिजे असा हट्ट धरू नये. त्याने आपल्या वाट्याचे आधीच भरपूर दिले आहे. आपल्या वाट्याचे काम आपल्या गावच्या त्या चारशे मीटरच्या फेरीवर आहे. येत्या रविवारी कोणकोणत्या विहारांत वही घातली गेली ते अवश्य कळवा. त्या गावांची नावे याच सदरातून आनंदाने देईन.

जयभीम!