यंदाही विनोदी आणि संगीत!

परवा टपालाने आमच्या गावातल्या कम्युनिटी थिएटरच्या नव्या सीझनचं पत्रक आलं. सप्टेंबर ते जून, पाच नाटकं. सुरुवातीला नील सायमनचं 'द ऑड कपल', मग 'द म्युझिक मॅन', ऐन हिवाळ्यात 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस', बर्फ वितळलं की 'द पायरेट्स ऑफ पेन्झान्स' आणि शेवटी 'माय फेअर लेडी'. म्हणजे यातलं सगळ्यात नवं नाटक १९६५ सालचं! मनात म्हटलं, घ्या, यंदाही विनोदी आणि संगीतच.

कम्युनिटी थिएटर म्हणजे काय ते आधी सांगतो. ब्रॉडवेशी याचा काही संबंध नाही. ओहायोतलं आमचं छोटं गाव. नट म्हणजे आमचा दंतवैद्य, शाळेतली बँडची शिक्षिका, हार्डवेअरच्या दुकानातला कॅशियर. कुणालाही मानधन नाही. सहा-सात आठवडे संध्याकाळी तालमी आणि मग तीन शनिवार-रविवार धरून नऊ प्रयोग. मी नट नाही. (माझ्या उच्चारांचं काय करायचं हा प्रश्न त्यांनाही पडला आणि मलाही.) पण शनिवारी सकाळी नेपथ्याच्या फळ्या कापायला आणि स्क्रू पिळायला जातो. इंजिनिअरिंगचा एवढा थेट उपयोग मला ऑफिसात कधी झालेला नाही.

तीन वर्षांपूर्वी नाटकं निवडणाऱ्या समितीपुढे मी मोठ्या हौसेने तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा इंग्रजी अनुवाद ठेवला. सगळ्यांनी तो वाचला, मान डोलावली आणि नाटक नाकारलं. मी चिडलो. समितीतल्या सत्तरीच्या बाई मला म्हणाल्या, "नाटक उत्तम आहे. ते बघायला दोनशे लोक येतील. पण छप्पर गळतंय, त्याला दोन हजार लोक लागतात." तेव्हा मला हे शुद्ध वाणीपण वाटलं होतं. आता तसं वाटत नाही, आणि म्हणूनच हे लिहितोय.

इथल्या हिशोबाची गंमत बघा. हौशी संस्थेलाही नाटकाचे हक्क रीतसर विकत घ्यावे लागतात. त्यासाठी म्युझिक थिएटर इंटरनॅशनल, कॉनकॉर्ड थिएट्रिकल्स अशा कंपन्या आहेत. किती खुर्च्या, किती प्रयोग, तिकीट केवढ्याचं, यावर रॉयल्टी ठरते. संगीतिका असेल तर संहिता आणि स्वरलिपीच्या वह्यासुद्धा बहुधा भाड्याने येतात. परवानगीशिवाय एक वाक्य गाळायचं नाही. हे सगळे पैसे पहिल्या घंटेच्या कितीतरी आधी भरायचे. ते येतात कुठून? तर सीझन तिकिटातून. पाच नाटकांचे पैसे लोक उन्हाळ्यातच देऊन टाकतात, नट कोण हेही माहीत नसताना. 'पायरेट्स' यादीत आहे ते त्यातल्या गाण्यांमुळे तर आहेच, पण ते १८७९ सालचं असल्याने मूळ नाटकाला रॉयल्टी नाही म्हणूनही आहे. खजिनदार हुशार आहे!

मार्च २०२० मध्ये कोविडने पडदा पडला तेव्हा संस्थेने तिकिटाचे पैसे परत देऊ केले. बहुतेकांनी ते घेतले नाहीत. देणगी समजा म्हणाले. गंभीर, प्रायोगिक नाटक करणाऱ्या संस्थेला एवढ्या लोकांनी असं सांगितलं असतं का? मला शंका आहे.

आता आपल्याकडे वळतो. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. तिने मराठी रंगभूमीला काय काय दिलं हे मी तुम्हाला सांगायला नको. पण माझ्या तालुक्याच्या गावातला मित्रांचा ग्रुप स्पर्धेसाठी तीन महिने घाम गाळायचा, आणि प्रयोग किती? एक. समोर परीक्षक, चार नातेवाईक आणि दुसऱ्या दिवशी प्रयोग असलेल्या संस्थेची मंडळी. मग सेट गोडाऊनमध्ये. पाच-सहा वर्षांनी ग्रुपही गोडाऊनमध्ये गेला. नाटकं चांगली होती हो. पण ती गावासाठी नव्हती, मग गावाला चुटपुट तरी का लागावी? गावाला नाटक बघायचं असेल तर मुंबई-पुण्याची गाडी कधी येते याची वाट बघायची.

'हे अमेरिकेत ठीक आहे, आमच्याकडे कोण आगाऊ पैसे देणार?' असं म्हणाल. पण गावाने गावासाठी नाटक करणं आपल्याला नवीन आहे का? कोकणात, गोव्यात देवळाच्या उत्सवात गावकरी तोंडाला रंग लावून उभे राहतात ते दुसरं काय आहे? माझे काका पोस्टात होते आणि उत्सवात 'सौभद्र'मधली सुभद्रा करायचे. ते 'सौभद्र' १८८२ चं, म्हणजे 'पायरेट्स'चं जवळजवळ जुळं भावंड. त्यालाही आता रॉयल्टी नाही. देवलांचं 'शारदा' आहे, खाडिलकरांचं 'मानापमान' आहे. विनोदी हवं तर अत्र्यांनी 'चार्लीज आंट'वरून केलेली 'मोरूची मावशी' आहे (तिचे हक्क मात्र रीतसर घ्या). 'माय फेअर लेडी' बघून इथली मंडळी हसतात तेव्हा मला भक्ती बर्वेंची फुलराणी आठवते. मूळ पुस्तक एकच, शॉचं 'पिग्मॅलियन'.

स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. परीक्षकांसाठी एक नाटक कराच. पण शेजाऱ्यांसाठी वर्षाला तीन करा, हसवणारी, गाण्यांची, आणि प्रत्येकाचे चार-पाच प्रयोग लावा. वर्षाचं तिकीट आधी विका. सुरुवातीला पन्नासच खपतील, खपू देत. प्रेक्षकाला आधी यायची सवय लागली तर पुढे त्याच्यासमोर तेंडुलकर ठेवता येतील. रिकाम्या खुर्च्यांसमोर तेंडुलकर करून त्यांचा मान वाढत नाही. आणि तुमच्या गावात कुणी असं तिकीट घेऊन दारात आलं, तर 'नट कोण आहेत?' असं न विचारता घ्या.

असो. माझा फॉर्म अजून फ्रिजवर चिकटवलेलाच आहे. आज चेक लिहून पाठवतो. आणि हो, पुढच्या निवडीच्या बैठकीला 'शांतता'ची प्रत पुन्हा घेऊन जाणार आहे. छप्पर आता गळत नाही.