बँड काढून ओढा

डब्यात आता दोनच उरलेत. पार्तागास सेरी डी नंबर चार. पंचवीसचा बॉक्स होता, 2019 च्या मे महिन्यात क्युबात भरलेला. बॉक्सच्या तळाला कारखान्याची तीन सांकेतिक अक्षरं आणि खाली महिना-साल असा शिक्का असतो, त्यावरून कळतं. मर्चंट नेव्हीतल्या मेहुण्याने तो आणून दिला तेव्हा मी बिकानेरला होतो. तिथून माझ्या काळ्या ट्रंकेतून बॉक्स तेजपूरला गेला आणि आता लेहला आलाय. म्हणजे वाळवंट, ब्रह्मपुत्रेचा दमटपणा आणि साडेतीन हजार मीटरवरची कोरडी थंडी हे सगळं या सिगारांनी माझ्याबरोबर सोसलंय. एवढ्या भांडवलावर एक मत मांडायला हरकत नसावी. मत असं: ज्या सिगारची किंमत आपल्याला आधीच माहीत आहे, त्याला मार्क देण्याची आपली लायकी नसते.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर आमचे मेडिकल ऑफिसर मला सोडायचे नाहीत. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून सिगार निरुपद्रवी, हे साफ खोटं आहे. धूर तोंडात खेळवला की तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर त्याच दाराने येऊ शकतो. मी महिना-दोन महिन्यांतून एखादा ओढतो, आणि तेही बरोबर आहे असा माझा दावा नाही. ज्यांनी कधी ओढला नाही त्यांनी हा लेख वाचून सुरुवात करू नये.

फौजेत सिगारचा एक रुबाब आहे. त्याचं खापर मी चर्चिलवर फोडतो. 1895 च्या नोव्हेंबरात हा फोर्थ हुसार्सचा कोवळा सबाल्टर्न स्पॅनिश सैन्याची लढाई बघायला क्युबात गेला, एकविसावा वाढदिवस त्याने तिथेच साजरा केला आणि परतताना हवानाच्या सिगारची चटक घेऊन आला. पुढच्याच वर्षी तो मुंबईला उतरला, ससून डॉकवर होडीतून पाय टाकताना खांदा निखळवून घेतला, पुण्याच्या छावणीत राहिला आणि मग बंगलोरला गेला. तेव्हापासून मेसमध्ये जाडजूड सिगार पेटवणारा प्रत्येक मेजर स्वतःला थोडासा चर्चिल समजत आलाय. मीही समजायचो.

आता सिगारमध्ये बघायचं काय? बहुतेक लोक बघतात तो बँड, म्हणजे सिगारच्या कमरेला गुंडाळलेला कागदी पट्टा. खरं काम त्याच्या आत असतं. क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता आबाहो नावाचा भाग आहे, सगळ्यात नावाजलेला तंबाखू तिथला. सिगारला तीन अंगं. आत भरलेली त्रिपा, तिला आवळून धरणारं कापोते आणि वरून दिसणारं, कापडी मांडवाच्या सावलीत वाढवलेलं तलम पान म्हणजे कापा. त्रिपातही झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं असतात. खालचं वोलादो नीट जळावं म्हणून, मधलं सेको वासासाठी, आणि वरचं, भरपूर ऊन खाल्लेलं लिहेरो दमासाठी. लिहेरो हळू जळतं, म्हणून ते बरोबर मध्यभागी यावं लागतं. ते एका बाजूला सरकलं की सिगार तिरका जळतो आणि मग वर कुठलाही बँड लावा, उपयोग नाही.

हे सगळं तोर्सेदोर, म्हणजे सिगार वळणारा कारागीर, हाताने करतो. त्याच्याकडे चावेता नावाची विळीच्या पात्यासारखी एक पट्टी, एक फळी आणि जरासा डिंक, बस्स. समोर उंच खुर्चीवर एक वाचक बसून वर्तमानपत्र नाहीतर कादंबरी वाचून दाखवत असतो. ही प्रथा 1865 पासूनची. मोंतेक्रिस्तो या ब्रँडला ड्यूमाच्या कादंबरीवरून नाव मिळालं ते उगाच नाही.

पण हे सगळं मला कळायच्या आधी बिकानेरने धडा शिकवला. मेहुण्याने बॉक्स दिला आणि मी तो अभिमानाने खोलीतल्या शेल्फवर मांडला. मे महिना. सिगारला साधारण पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता लागते आणि तिथल्या हवेत ओठसुद्धा ओले राहत नाहीत. तीन आठवड्यांत तीन सिगारांचा कापा उकलला, पोपडे धरल्यासारखा. मग आईचा चकलीचा डबा कामाला आला. घट्ट झाकणाचा, आत ओल्या स्पंजाची वाटी आणि एक स्वस्तातलं आर्द्रतामापक. ते यंत्र खरं बोलतंय का हे बघायची घरगुती युक्तीही आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घालायचं आणि यंत्रासोबत बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. आकडा पंचाहत्तर आला पाहिजे. माझा अडुसष्ट आला. म्हणजे यंत्र सात अंकांनी खोटं बोलत होतं. निदान ते नेहमी सारखंच खोटं बोलायचं, हा त्याचा मोठेपणा.

तेजपूरला उलट तऱ्हा. तिथे स्पंज काढून टाकला तरी बुरशी यायची. एकदा दोन सिगारांना टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली. तंबाखूचा किडा! त्याची अंडी पानातच असतात आणि उकाडा वाढला की फुटतात. बाकीचे सिगार पिशवीत बांधून मेसच्या डीप फ्रीजरमध्ये मटणाशेजारी तीन दिवस ठेवले तेव्हा वाचले. मेस हवालदार अजून माझ्याकडे संशयाने बघत असेल.

तेजपूरलाच ती रविवारची परीक्षा झाली, जिच्यामुळे हा लेख लिहितोय.

झालं असं की एका डायनिंग-इन नाइटला पाहुण्या अधिकाऱ्याने कोहिबाचा बॉक्स काढला. कोहिबा म्हणजे 1966 पासूनचा, एकेकाळी फक्त कॅस्ट्रो आणि सरकारी पाहुण्यांसाठी वळला जाणारा सिगार. 2022 मध्ये त्याच्या किमती अशा वाढवल्या की आमच्यासारख्यांनी दुरून दर्शन घ्यावं. टेबलावर शांतता पसरली. सगळ्यांनी ओढला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर ‘दुसऱ्या तिसऱ्या भागात मधाची चव येते’ असंही बोललो. बॉक्सला काचेचं झाकण होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं की काचेच्या झाकणाचा कोहिबा क्युबात तयारच होत नाही.

त्यातले दोन माझ्या वाट्याला आले होते. आमच्या युनिटमध्ये एक सुभेदार साहेब होते, तमिळनाडूतल्या दिंडिगुलकडचे. दिंडिगुल, तिरुचिरापल्ली हा भाग जुन्या काळापासून सिगारसाठी प्रसिद्ध. ‘त्रिचनापल्ली’ची राख ओळखण्याची ऐट शेरलॉक होम्ससुद्धा मिरवतो. आपण ज्याला चिरूट म्हणतो तो शब्दही तमिळ सुरुट्टुवरून आलेला. साहेबांची आई सुरुट्टु वळायची. रविवारी जे.सी.ओ. मेसच्या व्हरांड्यात मी तीन प्रकार त्यांच्यापुढे ठेवले: माझा पार्तागास, तो कोहिबा आणि त्यांच्याच गावाकडून आलेला एक चिरूट. बँड आधीच ब्लेडने काढून टाकले होते. (पेटवण्याआधी बँड ओढून काढू नका, डिंकाबरोबर कापा फाटतो.)

साहेबांनी एकही पेटवला नाही. प्रत्येक सिगार अंगठा आणि दोन बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हलके दाबत नेला, जसा डॉक्टर लहान मुलाचा हात तपासतो. मग कानाशी धरून जरा फिरवला. पार्तागासला म्हणाले, “हाथ अच्छा है साब. इधर थोडा कड़ा है, बाकी बराबर.” आपल्या गावच्या चिरुटाला म्हणाले, “ये जल्दी में बनाया, पर ईमानदार है.” आणि कोहिबा बाजूला ठेवून म्हणाले, “इसमें कचरा भरा है साब.”

ब्लेडने उभा चिरला. हाताने वळलेल्या चांगल्या हवानाच्या आत पानं टोकापासून टोकापर्यंत अखंड असतात. यातून पडला तो भुगा, काड्या आणि झाडू मारून गोळा केल्यासारखं काहीतरी. माझा मध त्यात कुठेच नव्हता.

सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री झोप लागली नाही, आणि त्याला कारण सिगार नव्हतं.

दोनच महिन्यांपूर्वी मी माझ्या हाताखालच्या दोन कॅप्टनांचे ए.सी.आर. लिहिले होते. बाहेरच्यांसाठी सांगतो, हा वार्षिक गोपनीय अहवाल. त्यात अधिकाऱ्याला नऊपैकी आकडा द्यायचा असतो. एकाच्या नावामागे सैनिकी शाळा, एन.डी.ए., अकादमीतलं पदक, सुरेख इंग्रजी. दुसरा शॉर्ट सर्व्हिसचा, जळगावकडचा, मेसमध्ये कोपऱ्यात बसणारा. पुराच्या रात्री बेली ब्रिज वाचवायला जवानांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात होता तो दुसरा. पहिला त्या रात्री रजेवर होता, यात त्याचा काही दोष नाही. आकडे सांगत नाही, सांगायचेही नसतात. पण पहिल्याला एक जास्त दिला होता. का, असं कोणी विचारलं असतं तर मी चार गोल वाक्यं बोललो असतो. मधाची चव येते, वगैरे.

जळगावकराला पुढे परमनंट कमिशन मिळालं नाही. माझ्या एका आकड्याने ते झालं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं. वर आणखी अधिकारी असतात, अनेक वर्षांचे अहवाल असतात. पण तो एक आकडा माझा होता, आणि गेलेला अहवाल परत मागवता येत नाही.

म्हणून शंभरपैकी मार्कांची मला चीड आहे. ‘सिगार आफिसिओनादो’ हे अमेरिकन मासिक 1992 पासून सिगारांना शंभरपैकी गुण देतंय. त्यांचं एक मात्र मानायला हवं: ते बँड काढून, त्या जागी नंबरचा कागद लावून मगच परीक्षकांना ओढायला देतात. पण छापून येतं ते काय? अठ्ठ्याऐंशी, नव्वद, ब्याण्णव. आमच्या ए.सी.आर.मध्ये आठ-नऊचा जसा पाऊस पडतो तसंच. सगळेच नव्वदीत असतील तर आकडा सांगतो काय? शिवाय सिगार हाताची वस्तू आहे. एकाच बॉक्समधला एक सुरेख ओढला जातो आणि शेजारचा गच्च बसलेला निघतो. एका सिगारवरून ब्रँडला मार्क देणं म्हणजे एका पी.टी. परेडवरून पलटणीला मार्क देणं.

आणि ती चवींची यादी! जायफळ, देवदार, अमेरिकन बिस्किटं. माझं नाक सातारा जिल्ह्यात वाढलंय, त्याला त्याचे शब्द वापरू द्या.

आज रविवार. ग्लासरूममध्ये ऊन आलंय. दोनांपैकी एक काढला. एकशे चोवीस मिलिमीटर लांब, जाडी दोन सेंटिमीटरला जराशी कमी. साहेबांसारखा दाबून पाहिला, एका जागी किंचित मऊ. टोपीचा दोनेक मिलिमीटर काप घेतला, न पेटवता ओढून पाहिला: वाळलेला कडबा आणि मनुका. ओढ मोकळी, लस्सीच्या स्ट्रॉइतपत. लाकडी काडीने सावकाश पेटवला, गंधक जळून जाऊ दिला. पहिल्या भागात काळी मिरी आणि पावसानंतर सारवलेल्या अंगणाचा वास. नाक मुरडू नका, क्युबन सिगारचे चाहते हा वास मुद्दाम शोधतात. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही, नाहीतर गरम होऊन कडवट होतो. राख इंचभर टिकली, करडी आणि घट्ट. मध्ये भाजलेली कॉफी, घोड्याच्या खोगिराचं चामडं, शेवटी किंचित काकवी. मऊ जागेपाशी जरा तिरका जळला, मग स्वतःच सरळ झाला. पाच वर्षांपूर्वी बिकानेरला याच बॉक्समधला पहिला ओढला तेव्हा नुसता तिखट लागला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हा मी त्याला ‘ठीक’ म्हणून निकालात काढलं होतं. शेवटचा तिसरा भाग जड झाला तेव्हा ठेवून दिला, आपोआप विझला. सिगार चिरडून विझवू नये, घाण वास येतो.

हल्ली ए.सी.आर. लिहायच्या वेळी मी आधी माझी खिशातली डायरी काढतो. कोण कुठल्या रात्री कुठे होता हे लिहून काढतो आणि मगच फॉर्मचं पहिलं पान, कोर्स आणि पदकांचं, उघडतो. वेळ दुप्पट लागतो. ॲडज्युटंट कुरकुरतो.

जळगावकर आता नाशिकला एका कारखान्यात आहे. जुलैत मोटरसायकलने झोजिलावरून लेहला येतोय, काल फोन आला होता. “सर, तुमच्याकडेच उतरतो,” म्हणाला. तो सिगार ओढत नाही, तरी दुसरा त्याच्यासाठी ठेवलाय. त्या आकड्याचं त्याला सांगायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. डब्यातली आर्द्रता आत्ता सदुसष्ट आहे, सात अंक मिळवून.