बर्फ पडतो, उतार घडवावा लागतो

१/ हिवाळी ऑलिम्पिकमधली स्की-शर्यत पाहताना आपली नजर खेळाडूवर आणि घड्याळावर खिळलेली असते. त्याच्या पायाखालचा, इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत उतार आपण निसर्गाची देणगी समजून सोडून देतो. वस्तुतः तो उतार आदल्या रात्री कुणीतरी घडवलेला असतो. त्या माणसाला वगळून लिहिलेला स्कीइंगचा इतिहास अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आजचा थ्रेड त्याच्याविषयी : बर्फ दाबून सपाट करणाऱ्या यंत्राच्या चालकाविषयी.

२/ प्रथम नावाची गोष्ट. या यंत्राला अमेरिकेत 'स्नोकॅट' वा 'ग्रूमर' म्हणतात. आपल्याकडे गुलमर्ग आणि औलीत 'स्नो बीटर' हा शब्द रूढ आहे. पोलंडमध्ये त्याला 'रात्राक' म्हणतात, आणि हा शब्द मुळात एका कंपनीच्या नावावरून आला. म्हणजे यंत्र बनवणाऱ्याचे नाव एका भाषेच्या शब्दकोशात जाऊन बसले. चालवणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याच भाषेने जपले नाही.

३/ मुळात उतार 'घडवण्याची' गरज का पडली? पूर्वी स्कीपटू डोंगर पायी चढत आणि दिवसाकाठी मोजक्या वेळा खाली येत. त्यांच्या पट्ट्यांनी बर्फाचे फारसे बिघडत नसे. १९३६ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात, सन व्हॅली येथे जगातील पहिली चेअरलिफ्ट सुरू झाली. तिचा अभियंता जेम्स करन याला ही कल्पना जहाजावर केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. चढण्याचे कष्ट संपले, तशी माणसे एकाच उतारावरून दिवसभर पुन्हा पुन्हा घसरू लागली. बर्फ खरवडला जाऊ लागला, वळणावळणांवर उंचवटे साचू लागले. गर्दीने उताराची नासधूस केली आणि त्या नासधुशीतून एका नव्या व्यवसायाचा जन्म झाला.

४/ यंत्रे येण्यापूर्वी हे काम पायांनी होई. माणसांच्या रांगा उतारावर आडव्या उभ्या राहून पायातल्या स्कींनी बर्फ तुडवत पुढे सरकत. याचे सर्वांत भव्य उदाहरण १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकचे. त्या वर्षी आल्प्समधल्या या नगरीत बर्फच पुरेसा पडला नाही. ऑस्ट्रियन सैन्याने डोंगरमाथ्यावरून बर्फाच्या २०,००० लाद्या कापून आणल्या, ४०,००० घनमीटर बर्फ वाहून स्कीच्या मार्गांवर अंथरला आणि सैनिकांनी तो हातापायांनी दाबून बसवला. पदकविजेत्यांची यादी आज एका क्षणात सापडते. तुडवणाऱ्यांची यादी कुणी केलीच नाही.

५/ या कष्टांवर एक उपाय कोलोरॅडोतील विंटर पार्क येथे निघाला. तेथील व्यवस्थापक स्टीव्ह ब्रॅडली यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी एक अवजार तयार केले : पुढे पोलादी पाते, मागे पट्ट्यांचा रूळ. त्याला इंजिन नव्हते. एक स्कीपटू ते शेकडो किलोंचे धूड मागे धरून सरळ उताराने खाली येई आणि गुरुत्वाकर्षण बाकीचे काम करी. वेग हाताबाहेर गेला तर काय होईल, याची कल्पना करून पाहा. ब्रॅडलींचा गौरव 'उतार-देखभालीचे जनक' असा होतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या धुडापुढे रोज घसरणारे कोण होते, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

६/ त्याच सुमारास बर्फावर चालणारी वाहने दुसऱ्या टोकाला कीर्ती मिळवत होती. ऑरेगॉनमधील एमिट टकर यांच्या 'स्नो-कॅट' गाड्या घेऊन व्हिव्हियन फुक्स यांच्या तुकडीने अंटार्क्टिका खंड ९९ दिवसांत ओलांडला. २ मार्च १९५८ रोजी ती स्कॉट तळावर पोहोचली. हिमभेगेवर लोंबकळणाऱ्या स्नो-कॅटची छायाचित्रे जगभर गाजली. एकदाच केलेल्या प्रवासाला महाकाव्याचा मान मिळाला. तशाच गाड्यांनी रोज रात्री केलेल्या कामाला मात्र दैनंदिनीतली एक ओळही लाभली नाही.

७/ पुढचा काळ निर्मात्यांचा. दक्षिण टिरोलमधील एर्नेस्टो प्रिनोट मोटारशर्यतीत उतरणारा. १९६२ च्या इटालियन ग्रां प्रीसाठी तो पात्र ठरू शकला नाही, पण त्याच्या नावाची बर्फयंत्रे आज जगभर चालतात. १९६९ मध्ये जर्मनीच्या केसबोरर कंपनीने 'पिस्टनबुली' आणली. अमेरिकेत हीच यंत्रे थायोकोल बनवत असे : पुढे स्पेस शटलची घनइंधन रॉकेटे बनवणारी तीच ती कंपनी. १९७८ मध्ये तिचा हा विभाग विकत घेतला जॉन डिलोरियन यांनी, ज्यांच्या नावाची मोटार चित्रपटामुळे तुम्हांला ठाऊक असेल. किती रंजक वंशावळ! आणि या वंशावळीत चालक कुठेच नाही.

८/ आता चालक नेमके काय करतो ते पाहू. यंत्रापुढचे पाते उंचवटे कापून खड्डे भरते. मागचा दातेरी, फिरता रूळ बर्फाचे कण फोडतो आणि वरचा-खालचा बर्फ मिसळतो. शेवटी फणी त्यावर बारीक समांतर रेषा ओढते. पण उतार तेवढ्याने तयार होत नाही. फुटलेले कण एकमेकांना टेकून राहिले की स्पर्शबिंदूंशी हळूहळू जोडले जातात. या क्रियेला 'सिंटरिंग' म्हणतात आणि तिला थंडीचे काही तास निवांत मिळावे लागतात. म्हणून हे काम रात्रीचे. किती वाजता सुरुवात करावी, रूळ किती खोल घालावा, पहाटे पुन्हा बर्फ पडेल का, हे सारे त्याला ठरवावे लागते. अंदाज चुकला तर सकाळी उतार एकतर भुसभुशीत असतो, नाहीतर काचेसारखा कडक.

९/ हे काम एकट्याने करायचे असते. केबिनमध्ये सोबतीला फक्त बिनतारी संच. फार तीव्र उतारावर यंत्राला पोलादी दोराचा आधार लागतो. तो दोर वर डोंगरात अडकवलेला असतो, ताणाखाली अचानक बाजूला उसळतो आणि अंधारात दिसत नाही. बंद उतारावर रात्री चोरून स्कीइंग करणाऱ्यांसाठी तो जीवघेणा ठरतो, आणि ती टांगती तलवार चालकाच्या मनावरही असते. १ जानेवारी २०२३ रोजी अभिनेता जेरेमी रेनर नेव्हाडात स्वतःच्याच बर्फयंत्राखाली सापडला. नातेवाइकाकडे घसरत निघालेले यंत्र थांबवण्यासाठी तो पुन्हा केबिनमध्ये चढू पाहत होता. त्याची ३० हून अधिक हाडे मोडली. या यंत्राचा धोका जगाला कळला तो एका ताऱ्यामुळे.

१०/ आक्षेप पहिला : 'आता उपग्रह आणि संगणक आहेत, कौशल्य उरले कुठे?' आधुनिक यंत्रात यंत्राखाली किती सेंटिमीटर बर्फ आहे ते पडद्यावर दिसते, हे खरे. उन्हाळ्यात मोजलेल्या जमिनीशी तुलना करून ते कळते. पण उरलेला बर्फ कुठून उचलायचा आणि कुठे टाकायचा, हा निर्णय माणसाचाच राहतो. पायातले कौशल्य हातात आले आणि हातातले डोळ्यांत. ते संपले असे म्हणणे म्हणजे काम न पाहताच दिलेला निकाल होय.

११/ आक्षेप दुसरा, आणि हा मला अधिक वजनदार वाटतो : 'ही यंत्रे डिझेल जाळतात, डोंगराला गालिचा बनवतात, त्यांचे कसले कौतुक?' हे नाकारता येत नाही. तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सपाट उतारामुळेच हा खेळ नवशिक्यांना, मुलांना आणि वृद्धांना खुला झाला. आणि डोंगराचा बाजार मांडण्याचा निर्णय चालकाने घेतलेला नसतो. इमारतीच्या बेकायदा मजल्याचा दोष आपण गवंड्याला देत नाही.

१२/ आज या कामाचा अर्थच बदलतो आहे. बर्फ भरपूर असताना चालक उतार देखणा करत असे. आता तो बर्फ वाचवतो. २०२२ चे बीजिंग ऑलिम्पिक जवळजवळ सर्वस्वी कृत्रिम बर्फावर झाले. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. स्पर्धा पुढे ढकलता येते. हंगामावर पोट असणाऱ्याला भूक पुढे ढकलता येत नाही. हवामानबदलाची झळ हिमनद्यांत मोजताना ती मजुरीच्या दिवसांतही मोजायला हवी.

१३/ मग या माणसाची नोंद इतिहासात का नाही? कारण साधे आहे. शोध लावणारा पेटंट घेतो, विजेता पदक घेतो, मोहीमवीर ग्रंथ लिहितो. देखभाल करणाऱ्याच्या कामाचा पुरावा सकाळी पहिल्या तासातच शेकडो स्की पुसून टाकतात. काम जितके चांगले, तितके ते अदृश्य. इतिहास कागदावर चालतो आणि या कामाचा कागद तयारच होत नाही.

१४/ म्हणून इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना एक विनंती. कोणतेही भव्य दृश्य पाहाल तेव्हा विचारा : हे आदल्या रात्री कुणी तयार केले? वानखेडेवरच्या शतकाची नोंद करताना खेळपट्टीवर रोलर फिरवणाऱ्याची चौकशी करा. हजेरीपट, पगारपत्रके, अपघातांचे अहवाल आणि जिवंत असलेल्यांच्या मुलाखती ही साधने दुय्यम नाहीत. अशा माणसांपर्यंत नेणारी वाट बहुधा तीच असते. गुलमर्ग-औलीत स्नो बीटर चालवणारी पहिली पिढी आज बोलू शकते. तिचे बोलणे टिपून ठेवायला उशीर करू नये.

१५/ तुमच्या गावात, मैदानावर, यात्रेत किंवा नाट्यगृहात असे रात्रीचे काम करणारे कोण आहे? त्यांच्या कामाविषयी खाली लिहा. थ्रेड इथे संपतो; नोंदवही तुम्ही उघडा.