पिशवी ‘उलटी’ आहे म्हणून ऑपरेशन?

गेल्या महिन्यात निपाणीहून पुतणीचा फोन आला. “काकू, सोनोग्राफीत रिट्रोव्हर्टेड आलंय. पिशवी उलटी आहे म्हणे. सासूबाई म्हणतात, ऑपरेशन करून सरळ करून घे, मग दिवस राहतील.” लग्नाला दोन वर्षं झालीत तिच्या. आवाज असा, की हातून काही गुन्हाच घडलाय.

मला १९९१ साल आठवलं. माझंही लग्नाचं तिसरं वर्ष. बेळगावात एका डॉक्टरांनी तपासून कन्नडमध्ये सांगितलं की गर्भकोश मागं वळलाय, वर ओढून टाके घालावे लागतील. माझं कन्नड बाजारहाटापुरतं. ‘गर्भकोश’ तेवढं कळलं, बाकीचं ह्यांनी घरी येताना सांगितलं. आठ दिवसांत शहापुरातल्या आमच्या गल्लीत मी ‘उलट्या पिशवीची’ झाले. हळदीकुंकवाला बायका माझ्यापाशी आल्या की आधी एकमेकींकडं बघायच्या. मी न्हाणीत नळ सोडून रडायची.

ऑपरेशनची तारीख ठरली, पैसे जमले, तेवढ्यात आई आली. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. १९८० साली तिथल्या कामगार बायकांनी युनियन बांधली, त्यात तीही होती. शाळा दुसरीपर्यंतच, पण एक पक्कं शिकली होती. कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. तिनं मला बाजूला घेतलं.

“पोरी, दुखतंय काय तुला?”

“नाही.”

“पाळी नीट येती?”

“येती.”

“मग कापायचं कशाला?”

सासरे रागावले, ह्यांना काय बोलावं सुचेना. दुसऱ्या दिवशी आईनं मला एसटीत घातलं आणि कोल्हापूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई मराठीत बोलल्या, हेच मला निम्मं औषध वाटलं. त्या म्हणाल्या, साधारण पाचांतल्या एकीची पिशवी मागं झुकलेली असते. काही माणसं डावखुरी असतात ना, तसं. नुसत्या त्यामुळं दिवस राहायचे थांबत नाहीत. राहिले की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वाढता वाढता ती बहुतेक वेळा आपणच वर येते. मग त्यांनी विचारलं, “मिस्टरांची तपासणी केली का?” केली नव्हती. घरात एवढी चर्चा झाली, ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! केली तेव्हा दोष तिकडं निघाला. औषधपाणी झालं आणि १९९३ ला थोरला झाला. (ह्यांना विचारूनच लिहितेय.)

पुढं वाचनात आलं की पिशवी वर बांधायची ही ऑपरेशनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका-युरोपात फार चालायची. १९०० साली गिलियम नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलेली एक पद्धत त्यांच्याच नावानं ओळखली जाते. कंबर दुखली, मूल झालं नाही, की दोष मागं वळलेल्या पिशवीचा. जिला काही त्रासच नाही तिला सरळ करून काही मिळत नाही, हे कळायला बरीच वर्षं गेली. मग ते मागं पडलं. आपल्याकडं ‘उलटी’ हा शब्द तेवढा राहिला, आणि तो बाईला चिकटतो.

पिशवी काढूनच टाकायची, हे तर त्याहून पुढचं. बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ साली बाहेर आलं ते आठवत असेल. पाहणीत तेरा हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली, कितीतरी जणी पस्तिशीच्या आतल्या. ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या सीमाभागातल्या फडातही येतात.

पण इथंच थांबले तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. माझी एक मावसबहीण आहे. पाळीत तिला एवढं दुखायचं की दोन दिवस अंथरूण धरायची. नवऱ्याजवळ जायचं म्हटलं तरी वेदना. तिच्या रिपोर्टमध्येही ‘मागं वळलेली’ होतं. मी माझीच कथा ऐकवत राहिले, “काही नसतं गं, डॉक्टर लोकांचं ऐकू नकोस.” चार वर्षं! शेवटी दुर्बिणीनं बघितलं तर एंडोमेट्रिओसिस, पिशवी मागं आतड्याला चिकटून बसलेली. तिला ऑपरेशन लागणारच होतं, पिशवी सरळ करायला नव्हे, चिकटलेलं सोडवायला. ती मला एका शब्दानं बोलली नाही. पण ती चार वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

म्हणून पुतणीला मी ‘कर’ही म्हटलं नाही आणि ‘करू नको’ही नाही. आई मला विचारायची ते तिला विचारलं, आणि डॉक्टरांना एक विचारून यायला सांगितलं: पिशवी हलती आहे की चिकटलेली? हलती असेल आणि दुखत-खुपत नसेल, तर सरळ कशासाठी करायची ते त्यांनी समजावून सांगावं. चिकटलेली असेल तर कशानं चिकटली ते शोधायला हवं, मग ऑपरेशनला भ्यायचं नाही. आणि सहीचा कागद कन्नडमध्ये असो नाहीतर इंग्रजीत, तिला कळेल अशा भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. सही तिची, सासूबाईंची नव्हे.

काल तिचा फोन आला. हलती आहे, दुखत काही नाही, ऑपरेशनची गरज नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई. जावईबापूंची तपासणी मात्र अजून झालेली नाही. “त्यांना सुट्टी मिळत नाही,” म्हणते.

रविवारी निपाणीला जातेय. त्यांच्याशी मीच बोलेन, ह्यांना सोबत घेऊन.