पालापाचोळ्यातील वाळा : मारावा की राखावा?

पावसाळ्याच्या आरंभी शेणखताचा खड्डा उपसताना किंवा बागेतील कुजका पाला सारताना काळसर तपकिरी, चकचकीत व जेमतेम वीतभर लांबीचा एक प्राणी पुष्कळदा दृष्टीस पडतो. दिसावयास तो गांडुळासारखा असला तरी तो गांडूळ नसून वाळा नावाचा साप होय. साप हे नाव कळताच त्यावर खोऱ्याचा घाव बसतो. हा घाव सर्वस्वी अनाठायी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गांडुळाच्या अंगावर वलये असतात, तर वाळ्याच्या अंगावर बारीक, गुळगुळीत खवले असतात. त्याचे डोळे म्हणजे खवल्यांखाली दडलेले दोन ठिपके. शेपटीच्या टोकास असलेल्या बारीक काट्यास कित्येकजण नांगी समजतात; परंतु त्यात विष नाही. त्याचे तोंड इतके लहान असते की, माणसास चावणे त्यास शक्य होत नाही. निजलेल्या माणसाच्या कानात तो शिरतो, या समजुतीसही आधार नाही.

या जातीत नर आढळलेला नाही. मादी संयोगावाचून अंडी घालते व त्यांतून माद्याच निपजतात. त्यामुळे कुंडीतील मातीबरोबर गेलेला एखादा वाळाही नव्या ठिकाणी वंश वाढवू शकतो. रोपांच्या व्यापाराबरोबर तो आफ्रिका, अमेरिका व ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचला आहे. सन १८०३ मध्ये दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

मुंग्या व वाळवी यांची अंडी, अळ्या व कोष हे वाळ्याचे भक्ष्य. एवढ्यावरून तो शेतातील वाळवीचा पुरता बंदोबस्त करील, असे सांगणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु जो प्राणी पिकास, गुरांस वा माणसास काडीइतकाही उपद्रव न देता किडीचा थोडाबहुत फडशा पाडतो, त्यास मारण्यात लाभ तो कोणता?

प्रश्न केवळ वाळ्याचा नाही. त्याला ओलसर, कुजकी जागा लागते. आणि जमिनीसही तेच आच्छादन हवे असते. सापाच्या भीतीने बागेतील पाला जाळला, तर सेंद्रिय द्रव्य व नत्र धुरावाटे निघून जाते, जमिनीची ओल उडते आणि उपयुक्त जीव होरपळतात. तोच पाला झाडांच्या आळ्यात पसरावा किंवा कंपोस्ट खड्ड्यात कुजवावा. घरालगतचा कचरा मात्र अवश्य दूर करावा.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. फुरशासारखा विषारी साप आकाराने लहानच असतो व तोही दगडांखाली, पाल्यात दडतो. म्हणून लहान साप तेवढा निरुपद्रवी, असे कोणीही मानू नये. पाला दाताळ्याने ओढावा, उघडा हात घालू नये. ओळख न पटलेला साप हाताळू नये. सर्पदंश झाल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

ओळखून वागणे हाच भीतीवरील उपाय होय. वाळा दिसल्यास खोऱ्याने मातीसकट उचलून त्यास बांधाकडेच्या पाल्यात सोडावे, हेच शेतकरी बांधवांच्या हिताचे आहे.