वहीतलं काम अर्जात येऊ द्या

आदिलाबादच्या बसस्थानकाजवळ माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. इंटरचा निकाल लागला की पोरं ‘दोस्त’चा अर्ज भरायला रांग लावतात. तेलंगणातल्या पदवी कॉलेजांचे प्रवेश २०१६ पासून याच संकेतस्थळावरून होतात. हॉलतिकीट नंबर, आधार, जातीचा दाखला, कॉलेजांचा पसंतीक्रम, झालं. घरी काय करता, हे तिथं कोणी विचारत नाही.

म्हणून गेल्या डिसेंबरात बेला मंडळातली एक मुलगी परराज्यातल्या खाजगी विद्यापीठाचा अर्ज घेऊन आली आणि त्यात ‘रेझ्युमे जोडा’ असं निघालं, तेव्हा तिचे वडील गडबडले. “बायोडेटा कायले पाह्यजे? पोरीचं लग्न नाही करत अजून.” त्यांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे बायोडेटा म्हणजे उंची, रास आणि मामाचं गाव.

मुलगी हळूच म्हणाली, “काका, माह्याजवळ लिहाले काहीच नाही.”

तिचे हात माझ्या टेबलावर होते. नखांच्या कडेला बारीक चिरा, बोंडाची वाळलेली टोकं लागून झालेल्या. कापूस वेचतेस का, विचारलं. म्हणाली, रविवारी वेचते, बाकीचे दिवस हिशेब लिहिते. पिशवीतून तिनं दोनशे पानी वही काढली. चौदा बायांची नावं, समोर तारीखवार किलो, दिलेली उचल, आठवड्याचं देणं. एका पानावर मार्केट यार्डातली नोंद होती, मॉइश्चर ११. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव देते, पुढे टक्क्यामागे पैसे कापते, बाराच्या वर गेलं तर कापूस घेतच नाही. त्यासाठी ही पोर गाडी भरायच्या आधी दोन दिवस अंगणात कापूस पसरवून वाळवते. आजीला रिम्स दवाखान्यात न्यायचं तेव्हा डॉक्टरचं तेलुगू आजीला मराठीत सांगायचं कामही हिचंच.

आणि म्हणे काहीच नाही!

अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांसाठी ‘कॉमन ॲप’ नावाचा एकच अर्ज चालतो. त्यात मुलांना दहा उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. उपक्रमांच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदारी’ हा प्रकार छापलेलाच आहे, पगारी कामाचाही आहे. म्हणजे धाकट्या भावंडांना सांभाळणं तिथं नाटकातल्या भूमिकेच्या रांगेत बसतं. आपल्या मुलांना मात्र वाटतं की रेझ्युमे म्हणजे पदकं आणि प्रमाणपत्रं. दोन दिवसांच्या शिबिराचं ‘नेतृत्वगुण’ प्रमाणपत्र पैसे भरून आणणारी मुलं माझ्याकडे येतात. ती ते प्रमाणपत्र जोडतात, आणि तीन हंगाम मजुरीचा हिशेब ठेवणारी मुलगी रकाना कोरा ठेवते. हे मला सहन होत नाही.

त्या दिवशी मी उत्साहात ‘वेचणी व्यवस्थापक’ असं टाइप केलं. तिनं थांबवलं. “नाही काका, मजुरी बाबाच देते. मी वही लिहितो.” बरोबर होतं तिचं. शेवटी ओळ अशी झाली: तीन हंगाम, चौदा मजूर बायांचं रोजचं वजन आणि मजुरीचा हिशेब. खाली दुसरी ओळ, आजीसाठी दवाखान्यात तेलुगू-मराठी दुभाषी. पान एकच झालं. त्यात एकही शब्द फुगवलेला नव्हता.

मुलाची परिस्थिती मोजणं आपल्यालाही नवं नाही. बासरचं ट्रिपल आयटी २००८ मध्ये सुरू झालं, तेव्हा बासर आपल्याच जिल्ह्यात होतं. बिगरनिवासी सरकारी शाळेतल्या मुलांच्या दहावीच्या ग्रेड पॉइंटमध्ये तिथं प्रवेशासाठी ०.४ ची भर घालत असत. मूल कुठून आलं, हे मोजता येतं याचा हा घरचा दाखला. मग रेझ्युमे मागणाऱ्या विद्यापीठांनी त्या रकान्याखाली एवढं तरी छापावं, की शेतातलं, दुकानातलं, घरातलं काम इथं लिहा. इंटरच्या लेक्चररांनीही अशा कामाबद्दल चार ओळी लिहून सही द्यावी. एखादी मुलगी वेचणीच्या दिवसांत गैरहजर का असते, ते त्यांना ठाऊक असतंच.

आणि आईबापांना माझी विनंती आहे. हंगाम संपला की ती वही रद्दीत घालू नका. तिच्यात तारखा आहेत, अक्षर तुमच्या पोरीचं आहे. अर्ज भरायला याल तेव्हा मार्कमेमोसोबत तीही घेऊन या.