घरबसल्या प्रेक्षकाचे मत

‘लोक संचासमोर बसून राहतात, म्हणून सभेला येत नाहीत,’ ही तक्रार कार्यकर्त्यांच्या बैठकांतून गेली चाळीस वर्षे तरी ऐकू येत आहे. मालिकेची वेळ पाहून सभेची वेळ ठरवावी लागते याचे दुःख तीत असतेच. परंतु त्याहून अधिक असते ती तुच्छता. जेवताजेवता चित्रपट पाहणारा, मध्येच उठून गॅसवरचे दूध बघून येणारा आणि अखेरीस ‘सुरुवात बरी होती, पुढे उगाच ताणलंय,’ एवढाच अभिप्राय देऊन झोपी जाणारा माणूस! त्याला मत असू शकते, हेच मुळी अनेकांना मान्य नसते. समीक्षक बोलतो ते मत, हा बोलतो त्या गप्पा, अशी सोयीची विभागणी झालेली आहे.

ही समजूत केवळ कार्यकर्त्यांची नाही. सत्ताधाऱ्यांचीही तीच होती. फेब्रुवारी 1977 मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा होती. लोकांनी घरीच बसावे म्हणून त्या सायंकाळी दूरदर्शनवर ‘बॉबी’ दाखवण्यात आला. मैदान तरीही भरले. पडद्यावर गाणी सुरू झाली की माणसाची विचारशक्ती बंद पडते, हे गृहीत धरणाऱ्यांचा हिशेब त्या दिवशी चुकला. आज तेच गृहीत आपल्या पराभवाचे कारण म्हणून पुढे करणाऱ्या कार्यकर्त्याने ही गोष्ट आठवावी.

नियोजनकारांचा हिशेबही असाच चुकला होता. 7 जुलै 1984 रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. मेक्सिकोत मालिकांतून लोकशिक्षणाचे प्रयोग झाले होते, त्या धर्तीवर कुटुंबनियोजनाचा संदेश घरोघर पोहोचवावा, हा मूळ हेतू. पहिल्या तेरा भागांतच प्रेक्षक या उपदेशाला कंटाळले, आणि तो पुढे बराच सौम्य करावा लागला. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत, आणि प्रेक्षकही गप्प राहत नसत. या मालिकेच्या निमित्ताने सुमारे 4,00,000 पत्रे आली. ज्या देशात तेव्हा निम्म्याहून अधिक लोक निरक्षर होते, त्या देशातील ही संख्या आहे.

त्या मालिकेतील भागवंती ही सोसणारी आई. तिची दशा पाहून स्त्रियांनी तसे होऊ नये, असा लेखकाचा आणि योजकांचा हेतू होता. प्रत्यक्षात पुष्कळ प्रेक्षकांनी, त्यांत स्त्रियांनीही, तिलाच आदर्श मानले. अभ्यासकांनी याची नोंद योजनेचे अपयश म्हणून केली, आणि ते एका अर्थी बरोबरही आहे. तथापि, राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही कोष्टकात जिच्या श्रमांना जागा नाही, अशी बाई आठवड्यातून काही वेळा साऱ्या देशासमोर राबताना दिसत होती. तिच्यात स्वतःला पाहणाऱ्या स्त्रीने तिचा गौरव केला, तर तिला काही कळलेच नाही असे कसे म्हणावे? ते मत चुकीचे असेल, त्याच्याशी वाद घालता येईल. पण ते बिनबुडाचे नव्हते. वाद घालण्याऐवजी ते पुसून टाकण्याची घाई सुशिक्षितांना झाली.

या बाबतीत न्यायालय अधिक समंजस ठरले. 1988 च्या जानेवारीत भीष्म सहानी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली ‘तमस’ दूरदर्शनवर आली. फाळणीच्या दंगली पुन्हा दाखवल्या तर पुन्हा दंगली पेटतील, म्हणून प्रक्षेपण थांबवावे, अशी मागणी घेऊन लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. निरक्षर माणूस म्हणजे अक्कल नसलेला माणूस नव्हे, धर्मांधांचा कावा डोळ्यांसमोर आणून दाखवला तर तो त्यालाही कळतो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला, आणि त्यासाठी नागपूरच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी 1940 च्या दशकात घालून दिलेल्या कसोटीचा आधार घेतला. ती कसोटी अशी की, शब्दांचा किंवा दृश्यांचा परिणाम खंबीर, समजूतदार माणसावर काय होईल ते पाहावे, दुबळ्या आणि पदोपदी भिणाऱ्या मनावर नव्हे. म्हणजेच घरी बसलेल्या प्रेक्षकाला न्यायालयाने सज्ञान मानले.

बाजाराने मात्र त्याला वेगळेच स्थान दिले. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत संच बाळगणाऱ्याला परवाना शुल्क भरावे लागे. निदान तेवढ्यापुरता तो ग्राहक होता. 1 जानेवारी 1976 पासून दूरदर्शनवर जाहिराती येऊ लागल्या, आणि हळूहळू ग्राहक बदलला. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ डॅलस स्माइद यांनी 1977 मध्ये हा व्यवहार उघड करून मांडला होता: जाहिरातीवर चालणारे माध्यम कार्यक्रम विकत नाही, ते जाहिरातदाराला प्रेक्षक विकते. मालाचे वजन करतात, मालाला मत विचारत नाहीत. 2021 च्या सुमारास देशातील वीस कोटींहून अधिक संचधारक घरांची आवडनिवड सुमारे 55,000 घरांतील मापकांवरून ठरत होती. त्या मापकांत फेरफार झाल्याचा आरोप ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबईत झाला. खटला पुढे मागे घेण्यात आला, परंतु वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च 2022 पर्यंत बंद राहिले. आता दरमहा वर्गणी भरून चित्रपट पाहणारा प्रेक्षक पुन्हा ग्राहक झाला आहे खरा. त्याने कोणत्या मिनिटाला पाहणे सोडले याची नोंद कंपनीकडे असते. कंटाळून सोडले, संताप येऊन सोडले की वीज गेली, हे त्या नोंदीत नसते.

ते त्याच्या बोलण्यात असते. सासू घराचा व्यवहार न बघता दिवसभर दागिने घालून कशी बसते, या मालिकेतल्या कुणालाच कामावर कसे जावे लागत नाही, नायकाच्या घराचे भाडे कोण भरते, असे प्रश्न स्वयंपाकघरातून सहज फेकले जातात, आणि त्यांत अर्थशास्त्र पुष्कळ असते. तालुक्याच्या बैठकीत ठराव वाचण्यापूर्वीची पंधरा मिनिटे या प्रश्नांना द्यायला काय हरकत आहे? आरंभ स्त्रियांनी करावा. घरकाम उरकताना का होईना, मालिका त्यांनीच नेमाने पाहिलेल्या असतात, आणि शिव्याही त्यांनीच अधिक नेमक्या घातलेल्या असतात.